उजवीकडचा पोचा

टीव्हींची अदलाबदल केली तरी पोचा उजवीकडेच राहिला, तेव्हा वीरेश दोन टीव्हींच्या मधल्या खुर्चीत येऊन बसला. रविवारची सकाळ होती. नऊ वाजल्यापासून तो माडीवरच्या खोलीत एकटाच हमाली करत होता. आधी दोन्ही गेमिंग कन्सोल इकडचे तिकडे केले, मग वायरी तपासल्या, आणि शेवटी दोन्ही टीव्ही पोटाशी धरून एकेक करून खोलीच्या या बाजूचे त्या बाजूला नेले. आता दोन्ही पडद्यांवर गाड्यांच्या एकाच खेळातला एकच पूल थांबवून ठेवलेला होता. दरीवरून गेलेला लांबलचक पूल, आणि त्याच्या कठड्याची वरची कड या टोकापासून त्या टोकापर्यंत एका रेघेत. त्या कडेसाठीच त्यानं तो पूल निवडला होता. डावीकडच्या पडद्यावर कड दोरी ताणून धरावी तशी सरळ होती. उजवीकडच्या पडद्यावर तिला मधोमध पोचा होता, हातातून निसटलेल्या पातेल्याच्या काठाला पडतो तसा. वीरेश नजर सरकवायचा आणि पोचाही नजरेबरोबर सरकायचा. जिथं बघावं तिथं कड दबलेली, आणि आजूबाजूला रंग जरा धुवट. हे त्याला पंधरा दिवसांपासून ठाऊक होतं. नुसतं ठाऊक नव्हतं, मोठा शोध लावल्याच्या थाटात त्यानं ते जगाला सांगूनही टाकलं होतं.

जग म्हणजे 'फरक' नावाचा त्याचा यूट्यूब चॅनेल. टीव्हीला जोडून गेम खेळायची दोन यंत्रं बाजारात एकमेकांच्या उरावर बसलेली, एक पांढरं आणि एक काळं. कुणाचं चित्र जास्त चांगलं, एवढ्या एकाच प्रश्नावर चाललेला हा चॅनेल. एकाच खेळातली एकच जागा दोन्हींवर थांबवायची, चित्र वाढवायचं आणि तिरप्या कडांवर ठिपक्याठिपक्यांच्या ज्या पायऱ्या दिसतात त्या मोजायच्या. पायऱ्या जितक्या बारीक तितकं चित्र खरं. सेकंदाला किती चित्रं सरकतात, सावलीची कड फाटते का, पाण्यातलं प्रतिबिंब दगडामागं गेल्यावर गायब होतं का, गवत किती लांबून उगवतं. शिरोलीच्या कारखान्यात वीरेश नऊ वर्षं तपासणी खात्यात होता, मापाचं गेज लावून पिस्टनची खोट काढायचा. त्यामुळं खोट काढणं ही त्याच्या अंगवळणी पडलेली गोष्ट होती. गावातला मटणाचा पांढरा रस्सा भारी की तांबडा, या वादात शुद्ध शाकाहारी जंगमाच्या घरात जन्मल्यामुळं त्याला कधी तोंड घालता आलं नव्हतं. त्याची भरपाई म्हणून की काय, पांढरा की काळा या वादात तो न्यायाधीश होऊन बसला. बघणारेही तसेच. फुटबॉलच्या मोसमात पेठापेठांतली पोरं जशी एकमेकांना पाण्यात बघतात, तसे पांढऱ्यावाले आणि काळ्यावाले त्याच्या व्हिडिओखाली भिडायचे, आणि वीरेशनं निकाल दिला की निम्मे जण त्याला देव म्हणायचे आणि निम्मे विकला गेलेला. त्याला दोन्ही आवडायचं, खोटं कशाला बोला.

त्यात त्याची ओळख म्हणजे भिंग. अप्पांचं, म्हणजे त्याच्या वडिलांचं. या शिवय्या स्वामींचं महाद्वार रोडजवळच्या बोळात घड्याळं दुरुस्तीचं दुकान होतं, आणि डोळ्याच्या खोबणीत बसवायचं काळं भिंग लावून ते दिवसभर वाकलेले असायचे. इतर कारागीर जन्मभर एकच डोळा वापरतात. अप्पांची रीत निराळी. ज्या बाजूचं काम त्या बाजूचा डोळा. टेबलाच्या उजव्या बाजूला मनगटी घड्याळं, त्यांना उजवा. डावीकडं भिंतीवरची, त्यांना डावा. म्हणजे एक डोळा शिणत नाही, असं ते म्हणायचे. वीरेशनं ती रीत तशीच्या तशी उचलली. दोन टीव्हींच्या मध्ये खुर्ची. डावीकडं वाकला की भिंग डाव्या डोळ्याला, उजवीकडं वाकला की उजव्या. पाच वर्षांत त्यात एकदाही बदल झाला नाही. बघणाऱ्यांना ते भिंग फार आवडायचं. डावीकडं कायम पांढरा, उजवीकडं कायम काळा, हीही त्यातलीच रीत.

तर पंधरा दिवसांपूर्वी त्यानं निकाल दिला होता, की नवं सॉफ्टवेअर टाकल्यापासून काळ्याची लांब रेघ मधोमध दबते. यंत्रातून थेट रेकॉर्ड केलेल्या चित्रात नाही येत हे, तो कॅमेऱ्याकडं बघून म्हणाला होता, हे फक्त समोर बसून, भिंग लावून, माणसाच्या डोळ्याला दिसतं. 'माणसाच्या डोळ्याला' हे शब्द त्यानं जरा लांबवून उच्चारले होते, ते आठवलं की आता कानशिलं तापायची. व्हिडिओ तुफान चालला. काळ्यावाल्यांनी त्याची सात पिढ्यांपर्यंत चौकशी केली. त्यांच्यात पेठ वडगावचा एक सम्राट नावाचा माणूस होता, तो शिव्या देत नव्हता. तो रोज एकच ओळ लिहायचा, की मी तोच पूल माझ्याकडं बघितला, रेघ सरळ हाय, तुमी मशीनची जागा बदलून बघा. रोज. सकाळी सातला. शिव्या खाऊन वीरेश कधी डगमगला नव्हता, पण त्या रोजच्या शांत ओळीनं त्याच्या डोक्यात तिडीक जायला लागली, आणि आठव्या दिवशी त्यानं सम्राटला ब्लॉक करून टाकलं. मग त्याला झोप येईना. शेवटी रविवारी, आता दाखवतोच म्हणून, तो जागा बदलायला उठला.

पांढरा उजवीकडं ठेवला तर पांढऱ्याच्या रेघेलाही पोचा. क्षणभर त्याला आनंदच झाला, म्हणजे टीव्ही खराब! काळ्याची माफी मागितली की संपलं, टीव्ही काय, कुणाचाही बिघडतो. मग टीव्ही बदलले. आणि पोचा उजवीकडंच. यंत्र बदललं, वायर बदलली, पडदा बदलला, तरी न हललेली गोष्ट खोलीत एकच होती, आणि ती खुर्चीत बसली होती. नऊ वर्षं कारखान्यात त्यानं हेच केलं होतं, एकेक भाग बदलत जायचा आणि जो उरतो तो दोषी. त्यानं भिंग काढून खाली ठेवलं. उजवा डोळा झाकून खिडकीच्या गजांकडं बघितलं. पाची गज सरळ. डावा झाकला. मधल्या गजाला पोट आलं होतं. समोरच्या घराच्या गच्चीवर एक बाई चादर वाळत घालत होती, तिच्या तोंडाच्या जागी मळकट ठिपका होता. त्यानं डोळा चोळला, पुन्हा बघितलं. चार वेळा बघितलं. मग तो खुर्चीतून उठला आणि खाली जाऊन पवित्राला म्हणाला, की टीव्हीत बिघाड आहे. हे बायकोशी त्यानं बोललेलं पहिलं खोटं नव्हतं, पण आतून थंड पडत बोललेलं पहिलंच.

अप्पांचा उजवा डोळा काचबिंदूनं गेला होता. काचबिंदू म्हणजे डोळ्यातला दाब वाढतो, आणि तो आतून हळूहळू खात जातो, दुखत नाही, खुपत नाही. घरातल्या घरात उतरतो, असं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते. वीरेश तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. सव्वीस वर्षांच्या माणसाला असलं काही आपल्याबद्दल बोललं जातंय असं वाटत नाही. आता अडतिसाव्या वर्षी ते वाक्य सोमवारी, मंगळवारी त्याच्याबरोबर जेवायला बसलं. आणि वाक्याबरोबर दुकानातली ती दुपारही. दोन वर्षं अप्पा कुरकुरत होते, की आताची घड्याळंच तसली, चीनची, चाकं धड नाहीत, काटा धरत नाही. दुरुस्त केलेली घड्याळं परत यायला लागली होती. अप्पा गिऱ्हाइकावरच डाफरायचे. एका दुपारी वीरेश डबा द्यायला गेला होता, आणि पन्हाळ्याचा एक म्हातारा मास्तर तिसऱ्यांदा तेच घड्याळ घेऊन उभा होता. वीरेशनं घड्याळ उघडून बघितलं. स्क्रू त्याच्या खाचेत नव्हता, शेजारी ओरखडे होते, आठ-दहा, जिथं स्क्रूड्रायव्हर पुन्हा पुन्हा चुकून पडला होता. आणि तो तपासणी खात्याच्या आवाजात, मास्तरासमोर, शेजारच्या पानवाल्यासमोर म्हणाला, 'अप्पा, घड्याळाचा दोष न्हाई. तुम्हाला दिसत न्हाई.' अप्पांनी घड्याळ हातात घेतलं, टेबलावर ठेवलं, आणि त्याच आठवड्यात दुकानाला कुलूप लावलं. त्यावर घरात कधी कुणी काही बोललं नाही. बारा वर्षं. अप्पा रोज चालायला जायचे, पूजा करायचे, पेपर डाव्या बाजूला धरून वाचायचे, आणि वीरेश रोज त्यांच्या समोरून जाताना आत कुठंतरी आखडायचा. आपण बापाचं दुकान बंद केलं, असं तो स्वतःशी स्वच्छ शब्दांत म्हणत असे.

आता बाप जे करत होता तेच आपण करतोय, हे त्याला मंगळवारी दाढी करताना कळलं. यंत्रावर ढकललं, वायरीवर, टीव्हीवर. चाळीस हजार लोकांना सांगितलं. फरक इतकाच, की अप्पांच्या बाबतीत खरं सांगायला एक उद्धट पोरगा होता, आणि आपल्याकडं होता त्याला आपण ब्लॉक केलं. डोळा गेला तर काय, हा प्रश्न त्याला स्वतःला धड विचारता येत नव्हता. बारकावे टिपणं सोडून त्याला दुसरं काय येतं? सगळं सारखंच दिसायला लागलं तर तो कोण? बुधवारी वायर आणायला जातो म्हणून तो बाहेर पडला आणि शाहूपुरीतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊन नंबर लावला.

काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, सोबत कोण आहे. कुणी नाही म्हटल्यावर तिनं नापसंतीनं त्याच्याकडं बघितलं आणि सांगितलं, की थेंब घातल्यावर तीन-चार तास नीट दिसणार नाही, गाडी चालवायची नाही. थेंब झोंबले. डोळे मिटून बसा, ती म्हणाली, आणि तो प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या रांगेत डोळे मिटून बसला. डोळे मिटून इतका वेळ बसायची त्याला सवय नव्हती. मिटलेल्या पापण्यांआड पूल दिसत राहिला, आणि तिथं तो सरळ होता, पोचा नव्हता, याचा त्याला वेड्यासारखा आधार वाटला. शेजारी राधानगरीकडची कुणीतरी म्हातारी सुनेला सांगत होती, की ऑपरेशन झाल्यावर पहिल्यांदा तांदूळ निवडले तेव्हा कळलं, किती खडे खाल्ले असतील चार वर्षांत. सून हसत होती. वीरेशच्या मनात आलं, ही बाई किती सहज सांगते. खडे खाल्ले. बस्स. त्यानं डोळे उघडले तर भिंतीवरच्या बोर्डाची अक्षरं विरघळली होती, दिव्याभोवती कापसाचे गोळे तरंगत होते, आणि म्हातारी नुसतीच एक हिरवी साडी झाली होती.

आत डॉक्टरीणबाईंनी आधी दाब मोजला, मग हनुवटी टेकवून एका यंत्रात बघायला लावलं, मग दुसऱ्या. त्या फारसं बोलत नव्हत्या. वय विचारलं, घरात कुणाला काही त्रास, कसली औषधं चालू आहेत का, झोप किती. झोप फारशी नाही, तो म्हणाला. काम काय करता या प्रश्नाला तो म्हणाला, की दोन चित्रांतला फरक सांगतो, आणि त्या पहिल्यांदा त्याच्याकडं वळून बघत्या झाल्या. मग त्यांनी आपला मॉनिटर त्याच्याकडं फिरवला. त्याच्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी होती. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा आडवा छेद, त्यांनी सांगितलं. डावीकडं डावा, उजवीकडं उजवा. 'फरक दिसतोय का तुम्हाला?' असं त्यांनी विचारलं. वीरेश पुढं वाकला. आयुष्यभर त्यानं हेच केलं होतं, शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन चित्रांपुढं वाकणं, आणि आज त्याला दोन राखाडी पट्ट्यांपलीकडं काही दिसेना. दोन्ही सारखेच, दोन्ही धुरकट. नाही दिसत, तो म्हणाला, आणि हे दोन शब्द तोंडातून बाहेर पडताच त्याला एकदम हलकं वाटलं, तिथंच, निदान कळायच्या आधीच.

मग फरक त्यांनी सांगितला. उजव्या डोळ्याच्या पडद्याखाली मधोमध पाण्याचा एक थेंब साठला होता. भिंतीला ओल येऊन रंगाचा फुगा येतो ना, त्या म्हणाल्या, तसा पडदा तिथं उचलला गेलाय, म्हणून सरळ रेघ वाकडी दिसते. काचबिंदू? नाही हो, दाब चौदा आहे, अगदी उत्तम. मग हे वाढतं का? बहुतेकांचं तीन-एक महिन्यांत आपोआप सुकतं. झोपा, जागरणं बंद करा, जीवाला घोर लावून घेऊ नका, महिन्यानं परत दाखवा. क्वचित कुणाचं रेंगाळतं, तेव्हा बघू. त्यानं पुन्हा विचारलं, काचबिंदू नाही ना. त्यांनी पुन्हा सांगितलं. त्यानं तिसऱ्यांदा विचारलं नाही, पण जिना उतरताना ते उत्तर तो स्वतःला पायरीपायरीला ऐकवत होता.

बाहेर ऊन होतं, आणि विस्फारलेल्या बुबुळांना ते सोसवेना. रस्त्यावर माणसांच्या कडा पसरल्या होत्या, रिक्षा म्हणजे धावणारा काळा-पिवळा डाग, उसाचा ट्रॅक्टर म्हणजे एक गडगडणारा हिरवा ढीग. तो एका बंद दुकानाच्या पायरीवर बसला. कशाचीच कड दिसत नव्हती, पायऱ्या मोजायला कुठं जागाच नव्हती. चांगलं वाईट, खरं खोटं, याचं त्याचं, काही ठरवता येत नव्हतं, आणि आश्चर्य म्हणजे कुणी ठरवायला सांगतही नव्हतं. कारखान्यात होता तेव्हा लग्नाच्या पंगतीत बसल्यावरसुद्धा तो ताटातल्या पोळीचा घेर शेजाऱ्याच्या पोळीशी ताडून बघायचा. पवित्रा त्यावरून अजून त्याची टिंगल करते. पाहुण्यांच्या घरी भिंतीवरची तसबीर तिरकी असली की जेवण गोड लागायचं नाही. अप्पांच्या स्क्रूशेजारचे ओरखडे मोजले होते त्यानं. नक्की मोजले होते, नऊ होते. आज समोरून आख्खं गाव कडांशिवाय चाललं होतं आणि चांगलं चाललं होतं. त्याला हसू यायला लागलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, थेंबांचं की कशाचं ते बघायलाही तो थांबला नाही.

त्या हसण्याच्या भरातच त्यानं फोन डोळ्यांपासून हातभर लांब धरून सम्राटचं नाव शोधलं. वाचता येईना, म्हणून रस्त्यानं जाणाऱ्या एका गृहस्थाला नाव शोधून ब्लॉक काढून द्यायला सांगितलं. त्या गृहस्थानं ते केलं, तिथला नंबरही लावून दिला, आणि भांडणं अशीच मिटवावीत असं सांगून तो निघून गेला. सम्राटनं आपल्या खात्यावर नंबर दिलेला होता, पेठ वडगावात त्याचं शेतीपंपांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं दुकान होतं. वीरेशनं नाव सांगितलं, पलीकडं कुठंतरी मोटार फिरत असल्याचा आवाज येत होता. मग वीरेशनं एका दमात सगळं सांगून टाकलं, मशीन बदललं ते, टीव्ही बदलले ते, गज, दवाखाना, पाण्याचा थेंब. रेघ सरळच होती, तो म्हणाला, तुमचं बरोबर होतं. त्याची अपेक्षा होती की आता हा माणूस आठ दिवसांचं उट्टं काढेल.

'ते जाऊ दे ओ पावणं,' सम्राट म्हणाला. 'डोळा ऱ्हातोय न्हवं?'

राहतोय, वीरेश म्हणाला. मग झालं की, असं म्हणून सम्राटनं सांगितलं, की आपल्याला तर वाटलं होतं आपलंच डोळं गेलं, मी दुकानातल्या सगळ्यांना तो पूल दाखवून विचारलं, बायकोला विचारलं, शेवटी ओळंब्याची दोरी ताणून बघितली टीव्हीवर. तोही आठ दिवस धड झोपला नव्हता. दोघंही मग बराच वेळ फोन धरून हसत राहिले. आता व्हिडिओ करून सांगा तेवढं, शेवटी सम्राट म्हणाला, न्हाईतर हितं गावात माझं कोण खरं मानंना.

पवित्राला फोन करायला मात्र त्याला जास्त धीर लागला. ती दूध संघाच्या ऑफिसात होती. त्यानं अर्धं सांगितलं तोवर ती म्हणाली, 'तिथंच बसा, मी आलो.' वीस मिनिटांत स्कूटी समोर थांबली. आपला उन्हाचा चष्मा काढून तिनं त्याच्या डोळ्यांवर चढवला, बायकी, गुलाबी काड्यांचा. मग दसरा चौकात सिग्नलला उभी असताना मागं न वळता म्हणाली, की रविवारपासून तुम्ही भाताच्या घासाकडं एक डोळा मिटून बघताय, मला काय कळत नाही होय, मी वाट बघत होतो कधी सांगताय त्याची. त्यानं तिच्या खांद्यावर कपाळ टेकलं. मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला, सिग्नल सुटला होता.

अप्पा शुक्रवार पेठेतल्या घराच्या पुढच्या सोप्यात खुर्ची टाकून बसले होते. गुलाबी चष्म्यातला मुलगा सुनेच्या हाताला धरून उंबरा ओलांडतोय हे त्यांनी चांगल्या डोळ्यानं नीट बघून घेतलं. वीरेश त्यांच्यासमोर खाली चटईवर बसला. अप्पांचा चेहरा दिसत नव्हता, पांढऱ्या सदऱ्यावर एक सावळा गोल, बस्स, आणि कदाचित म्हणूनच त्याला बोलता आलं. त्यानं सगळं सांगितलं. अप्पांनी पहिला प्रश्न केला तो जाणकाराचा, दाब किती. चौदा म्हटल्यावर त्यांनी मोठा श्वास सोडला, खुर्ची करकरली. मग विचारलं, किती दिवस कळलं न्हाई. पंधरा दिवस, वीरेश म्हणाला, मी मशीनवर ढकलत होतो. अप्पा हसले. मी दोन वर्सं चीनवर ढकललं, ते म्हणाले, तू लवकर आटपलास.

आता बोललं नाही तर पुन्हा दिसायला लागेल, आणि दिसायला लागलं की बोलवणार नाही, असं वीरेशला वाटलं. तो म्हणाला, की त्या दिवशी दुकानात, मास्तरांसमोर, मी तसं बोलायला नको होतं. बारा वर्षं माझ्या जीवाला लागून राहिलंय. आत पवित्रा कपबश्या काढत होती.

'कुठलं काय घेऊन बसलास,' अप्पा म्हणाले. 'तू बोललास तवा मला किती बरं वाटलं, तुला काय ठावं. रोज सकाळी कुलूप काढायला नको वाटायचं. आज कुणाचं घड्याळ वाया घालवतोय म्हणून. मलाच तोंडानं म्हणायचं हुतं, मला दिसंना. निघतच न्हवतं. तू काढलास. त्या राती दोन वर्सांत पयल्यांदा गाढ झोपलो मी.'

वीरेशनं विचारलं, मग सांगितलं का नाही कधी. तर अप्पा म्हणाले, 'तू तरी कुठं विचारलास?'

वीरेशच्या छातीत बारा वर्षं आवळून ठेवलेली एक गाठ होती, ती सुटताना दुखली, आणि मग दुखायची थांबली. आपण बापाची बारा वर्षं वाया घालवली असं समजत होतो, आणि बाप निवांत होता. वाया कुणाची गेली, हे ताडून बघायचंही त्याच्या मनात आलं नाही. त्याला भूक लागली होती. इतकी भूक त्याला कितीतरी दिवसांत लागली नव्हती.

पवित्रा चहा घेऊन आली तेव्हा तो तिला म्हणाला, फोन धर आणि रेकॉर्ड कर, आत्ताच. ती म्हणाली, या चष्म्यात? याच चष्म्यात. भिंग नाही, टीव्ही नाहीत, मागं अप्पांची वाळत घातलेली धोतरं. ती समोर उभी राहिली, तिनं हो म्हटलं, आणि वीरेश अंदाजानं तिच्या दिशेला बघून बोलायला लागला. नमस्कार, मी वीरेश स्वामी, 'फरक'मधून. काळ्याची रेघ सरळ आहे, दोष माझ्या डोळ्यात होता. पेठ वडगावच्या सम्राटरावांनी आठ दिवस सांगितलं, मी ऐकलं नाही, त्यांना ब्लॉक केलं, त्यांची माफी मागतो. तीन महिने आता मी काहीही तपासणार नाही. तुम्हाला जे आवडतं ते खेळा. एवढं बोलून तो थांबला, पवित्राला झालं म्हणून सांगणार, तेवढ्यात खुर्चीतून अप्पांचा आवाज आला.

'माझंबी सांग.'

काय सांगू, वीरेश म्हणाला. अप्पा खुर्चीतून उठले. दोन हजार अकरा ते तेरा, ते म्हणाले, ज्यांची ज्यांची घड्याळं माझ्याकडं बिघडली, त्यांना सांगायचं ऱ्हाऊन गेलंय. घड्याळं चांगली हुती. पवित्रानं फोन खाली घेतला नाही. वीरेश चटईवर सरकून बसला, आणि गुडघ्यावर हात टेकवत अप्पा सावकाश त्याच्या शेजारी खाली बसले. मी दिसतोय काय, त्यांनी सुनेला विचारलं. दिसताय, ती म्हणाली. अप्पांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि बोलायला सुरुवात केली.